थंडी, फ्रेंच 'शिक' आणि एका वाक्यात लपलेले तीन प्रश्न

युरोपात पीएचडीसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांकडून मला साधारण दोन प्रश्न येतात. पहिला उघडपणे विचारला जातो: रिसर्च प्रपोजल कसं लिहायचं? दुसरा जरा दबक्या आवाजात येतो: तिथे हिवाळ्यात घालायचं काय? फ्रान्सला जाणाऱ्यांच्या बाबतीत त्याला आणखी एक शेपूट असतं: तिथले लोक म्हणे फार नीटनेटके असतात, आपण गबाळे तर दिसणार नाही ना?

या लेखात मी दोन्ही प्रश्न एकत्र घेणार आहे. माझा स्वतःचा विषय कपड्यांचा सामाजिक इतिहास, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला मी हलकं समजत नाही. स्कॉलरशिपचा पहिला हप्ता हातात आलेला असतो, त्यात घरभाडं, विमा, पास आणि कोट असं सगळं बसवायचं असतं. चुकीचा कोट घेतला तर तो पाच महिने अंगावर सोसावा लागतो. आणि प्रपोजलमधला चुकीचा प्रश्न तर तीन वर्षं सोसावा लागतो. दोन्ही ठिकाणी निवड करण्याची पद्धत सारखीच आहे, हेच आज दाखवायचं आहे.

आधी वाक्य सोडवून घ्या

'रोजच्या हिवाळी कपड्यांत फ्रेंच शिक कसं आणायचं?' हे वाक्य एकच प्रश्न विचारतंय असं वाटतं. पण नीट बघा, यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत.

'हिवाळी' हा शब्द उबेबद्दल विचारतो. उत्तर पदार्थविज्ञानात आणि शरीरशास्त्रात आहे, आणि ते मोजता येतं. 'फ्रेंच' हा शब्द उगमाबद्दल विचारतो. ते इतिहासाचं काम, त्यासाठी हुकूमनामे, दुकानांच्या नोंदी, चित्रं लागतात. 'शिक' हा शब्द मात्र निराळाच आहे. कुणाला छान म्हणायचं हे कोण ठरवतं, असा तो समाजशास्त्रीय प्रश्न आहे.

तिन्हींचा पुरावा वेगळा, पद्धत वेगळी, चुका होण्याच्या जागाही वेगळ्या. फॅशनच्या लेखांत तिन्हींचं एकच उत्तर दिलेलं असतं ('एक छानसा स्कार्फ घ्या!'), म्हणून ते वाचून आपल्याला काही कळल्यासारखं वाटतं, पण दुकानात उभं राहिलं की काहीच आठवत नाही. तुमच्या प्रपोजलमधल्या मुख्य वाक्याचंही असंच पृथक्करण करून बघा. एका वाक्यात तीन शास्त्रं निघाली, तर मार्गदर्शक पहिल्याच भेटीत विचारणार: यातलं तुम्ही नक्की काय करणार?

'शिक' म्हणजे मॉडेलशिवाय काढलेलं चित्र

या शब्दाचा एक जुना अर्थ संशोधकाला फार उपयोगी आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या चित्रकारांच्या स्टुडिओत 'शिक' हा बोलीतला शब्द होता. समोर मॉडेल न बसवता, निसर्गाकडे न बघता, नुसत्या हाताच्या सवयीने चित्र काढणं म्हणजे 'शिक'ने काढणं. शार्ल बोदलेरने १८४६ च्या कलाप्रदर्शनावर जे समीक्षण लिहिलं, त्यात या शब्दासाठी एक छोटं स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि तो काही कौतुक करत नाही. त्याच्या मते अशा चित्रात स्मरणशक्ती असते ती मेंदूची नव्हे, हाताची.

आता आजचे 'पॅरिसच्या बायका हिवाळ्यात काय घालतात' छापाचे लेख आठवा. लेखकाने मेट्रोच्या दारात उभं राहून शंभर माणसं मोजलेली असतात का? बहुतेक वेळा नाही. आधीच्या लेखावरून पुढचा लेख होतो, त्यावरून तिसरा. म्हणजे फ्रेंच शिकबद्दलचं बरंचसं लिखाण जुन्या अर्थाने 'शिक'नेच काढलेलं असतं: समोर मॉडेल नाही, हाताला मात्र सवय आहे. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपणही हेच करतो का, हे एकदा तपासून बघा. तीन पेपरांनी एकमेकांचा हवाला देऊन सांगितलेली गोष्ट मूळ कुठे, कुणी, कशी मोजली होती?

बार्थचे तीन कपडे

हा गोंधळ ज्याने सर्वांत शिस्तीने सोडवला तो रोलाँ बार्थ. त्याचं 'सिस्टेम द ला मोद' हे पुस्तक १९६७ साली आलं. वाचायला अवघड आहे, पण सुरुवातीचा भेद सोपा आहे. एकच कपडा तीन रूपांत असतो. एक, प्रत्यक्ष शिवलेला. दोन, फोटोतला. तीन, फोटोखालच्या मजकुरात वर्णन केलेला. प्रत्यक्ष कपड्याला शिवण असते, वजन असतं, किंमत असते. फोटोतल्या कपड्याला रेषा आणि रंग असतात. लिहिलेल्या कपड्याला मात्र फक्त शब्द असतात, आणि शब्द सांगतात की हा कोट 'शनिवार-रविवारच्या भटकंतीसाठी' आहे. कापडात असं काहीच नसतं. सुताला शनिवार कळत नाही.

बार्थने मग काय केलं? आपला अभ्यास फक्त तिसऱ्या, म्हणजे लिहिलेल्या कपड्यापुरता मर्यादित केला. त्यातही मुख्यतः दोन मासिकं, 'एल' आणि 'ल जार्दँ दे मोद', आणि जून १९५८ ते जून १९५९ हे एकच वर्ष. एवढा मोठा विचारवंत आणि एवढंसं साहित्य! पण त्यामुळेच ते काम उभं राहिलं. 'फॅशन' असा विषय घेतला असता तर पुस्तक झालं नसतं. नव्याने प्रपोजल लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या कागदावर तसं एक वाक्य लिहावं: माझं साहित्य हे, इतकंच, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत.

दुसरी वाटही आहे. दानिएल रोश या इतिहासकाराने १९८९ च्या आपल्या पुस्तकात सतराव्या-अठराव्या शतकातल्या पॅरिसकरांचे प्रत्यक्ष कपडे शोधले. ते सापडले कुठे? माणूस वारल्यावर नोटरी घरातल्या वस्तूंची जी यादी करत असे, त्या याद्यांत. तिथे शब्दच आहेत, पण ते विकणाऱ्याचे नाहीत, मोजणाऱ्याचे आहेत. किती सदरे, कोणत्या कापडाचे, किती झिजलेले. एकच शहर, तोच विषय, पण साहित्य बदललं की प्रश्नही बदलला.

पट्ट्यांची बनियन: हुकूम आणि दंतकथा

आता दुसऱ्या शब्दाकडे, 'फ्रेंच'कडे. निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट तुम्ही पाहिलेलाच असेल. त्याला मारिनिएर म्हणतात, आणि ते फ्रेंच शिकचं जणू राजमुद्रेसारखं चिन्ह झालंय.

याचा कागद सापडतो. २७ मार्च १८५८ च्या आदेशाने ही विणलेली बनियन फ्रेंच आरमारातल्या खलाशांच्या गणवेशात आली. आदेशात मापं दिलेली आहेत: अंगावर २१ पांढरे पट्टे, २० मिलिमीटर रुंदीचे, आणि त्यांच्यामध्ये २० किंवा २१ निळे पट्टे, १० मिलिमीटरचे. म्हणजे ही चैनीची वस्तू नव्हती. सदऱ्याच्या आत, उबेसाठी घालायचा सरकारी कपडा होता तो.

आणि लगेच दंतकथा: २१ पट्टे म्हणजे नेपोलियनचे २१ विजय. ही गोष्ट हजार ठिकाणी छापलेली मिळेल. तुम्ही संशोधक म्हणून काय कराल? आधी तारीख बघाल. नेपोलियन वारला १८२१ मध्ये, आदेश निघाला ३७ वर्षांनी, त्याच्या पुतण्याच्या राजवटीत. पुतण्याने काकाचा गौरव केला असेलही, अशक्य नाही. मग विजय मोजून बघाल, आणि लक्षात येईल की कोणती लढाई 'विजय' धरायची यावर आकडा हलतो. निळे पट्टे २० किंवा २१ चालतील असं आदेशच म्हणतो, म्हणजे आकड्याबद्दल तिथे फार पावित्र्य दिसत नाही. दंतकथा खोटी ठरली असं यातून सिद्ध होत नाही. पण ती मांडणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी आहे, एवढं नक्की होतं. हा फरक सांभाळायला शिका, व्हायवाला उपयोगी पडतो.

याच कुळातल्या आणखी काही वस्तू भराभर बघू. स्वेटरसाठी फ्रेंचमध्ये 'शांदाय' असा एक शब्द आहे. तो 'मार्शां दाय', म्हणजे लसूण विकणारा, याचं तुटलेलं रूप आहे. पॅरिसच्या ले आल या मोठ्या मंडईतले भाजीवाले असे जाड विणलेले स्वेटर घालत, त्यांच्यावरून ते नाव पडलं. जर्सी हे कापड मुख्यतः पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरलं जाई. गाब्रिएल शनेलने १९१३ मध्ये दोव्हिलला दुकान काढलं, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात याच जर्सीचे बायकांचे बाहेर घालायचे कपडे केले. आखूड, जाड लोकरी 'काबाँ' कोट हा खलाशांचा. निळं कामाचं जाकीट कामगारांचं. आणि ट्रेंच कोट? तो तर ब्रिटिश लष्कराचा.

राहिली शाल. ही आपल्याकडून गेली, शब्दासकट. फारसीतला 'शाल' मराठीतही आला आणि फ्रेंचमध्येही गेला. उच्चार आजही जवळजवळ तोच आहे. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर (१७९८–१८०१) काश्मिरी शालींची पॅरिसमध्ये लाट आली, आणि सम्राज्ञी जोझेफिन त्यांची मोठी षौकीन होती. आंग्रने १८०६ च्या सुमारास काढलेलं मादाम रिव्हिएरचं चित्र लूव्हरमध्ये आहे. पांढरा, पातळ, हिवाळ्यात अगदी निरुपयोगी झगा, आणि त्यावर भलीमोठी काश्मिरी शाल. झगा पातळ होता म्हणूनच शालीची गरज होती. पुढे फ्रान्समध्ये तिच्या नकला विणल्या जाऊ लागल्या, तेर्नो नावाच्या उद्योजकाने तर १८१८-१९ च्या सुमारास शेळ्याच आणवल्या. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर ही मागणी कोसळली, आणि तिकडे काश्मीरमध्ये विणकरांच्या घरांवर आभाळ कोसळलं. पॅरिसच्या हिवाळ्यातली आवडनिवड श्रीनगरच्या चुलीपर्यंत पोचते, ती अशी.

मग यात 'फ्रेंच' काय उरलं? खलाशी, भाजीवाले, मजूर, ब्रिटिश शिपाई आणि काश्मिरी विणकर यांच्या वस्तू. फ्रेंचपण बरंचसं त्या वस्तू एकत्र आणण्यात आणि त्यावर मजकूर लिहिण्यात आहे. बार्थचा तिसरा कपडा तो हाच.

उबेचा हिशेब

आता पहिला प्रश्न, जो मोजता येतो. कापड स्वतः उष्णता देत नाही. ते हवा धरून ठेवतं, आणि स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक असते. आपल्या गोधडीचं हेच तंत्र आहे: जुन्या लुगड्यांचे थर, आणि धावदोऱ्याने थरांत कोंडलेली हवा. पाणी मात्र स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून भिजलेला सुती कपडा थंडीत वैरी. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही. दमट थंडीत तिची किंमत यासाठी.

उबेला एकक आहे, 'क्लो'. गॅग, बर्टन आणि बॅझेट या तिघांनी १९४१ मध्ये ते मांडलं. २१ अंश तापमानाच्या, जवळजवळ निवाऱ्याच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढे कपडे पुरतात, तेवढं म्हणजे १ क्लो. जुन्या पद्धतीचा पुरुषी सूट साधारण एवढा भरतो. प्रत्येक कपड्याचे आकडे प्रमाणित तक्त्यांत मिळतात. ढोबळपणे: पूर्ण बाह्यांची आतली बनियन ०.२, शर्ट ०.२५, जाड स्वेटर ०.३५, जाड पँट ०.२५, कोट ०.६, बूट-मोजे वगैरे ०.१ च्या पुढेमागे. बेरीज पावणेदोनच्या आसपास. (ही साधी बेरीज अंदाजापुरती. नेमकं मोजायचं तर गरम होणारा पुतळा वापरतात, त्याला कपडे घालतात आणि किती वीज लागली ते बघतात.)

पण किती क्लो लागतात हे फक्त हवेवर ठरत नाही, तुमच्या हालचालीवरही ठरतं. बसल्यापेक्षा चालताना शरीर साधारण दुप्पट उष्णता तयार करतं. पॅरिसचं जानेवारीतलं सरासरी तापमान साधारण ५ अंश. बर्फ क्वचित, ओल आणि वारा भरपूर, डिसेंबरअखेरीस उजेड जेमतेम सव्वाआठ तास. अशा हवेत बऱ्यापैकी चालणाऱ्या माणसाला दीड-पावणेदोन क्लो पुरतात. तोच माणूस बसची वाट बघत वीस मिनिटं उभा राहिला की कमी पडतात.

आता आत चला. फ्रान्समध्ये नियमानुसार घरं आणि कचेऱ्या गरम करण्याची मर्यादा सरासरी १९ अंश आहे. म्हणजे लायब्ररीत तुम्हाला मुंबईच्या एसीतल्यासारखंच वाटेल. वरच्या बेरजेतून कोटाचे ०.६ वजा करा: उरले साधारण १.२. आणि १९ अंशांत टेबलापाशी काम करणाऱ्याला साधारण तेवढेच लागतात! मधे मेट्रोचा गर्दीचा डबा असतो, तिथे गळ्यातला स्कार्फ काढायचा आणि कोटाची बटणं सोडायची.

फ्रेंच हिवाळी पेहरावातली 'सहजता' बऱ्याच अंशी या वजाबाकीत आहे. गळ्याभोवती सैल गुंडाळलेला स्कार्फ हा मुळात थर्मोस्टॅट आहे. उणे वीसच्या कॅनडात हा पेहराव चालणार नाही, तिथे फुगीर पार्काच हवा. आणि नागपूरच्या डिसेंबरात त्यातला कोट काढूनच ठेवावा लागेल. 'शिक' दिसणारा कपडा एका ठराविक हवेचं, एका ठराविक चालत्या शहराचं उत्तर असतो, हे कुणी लिहीत नाही.

तर मग घ्यायचं काय?

वरच्या हिशेबातून यादी आपोआप निघते.

अंगालगत: दोन-तीन पातळ, पूर्ण बाह्यांचे थर्मल, शक्यतो लोकरमिश्रित. हे इथूनच न्या. पँटच्या आतलेही न्या, त्याने सुमारे ०.१५ क्लो वाढतात आणि कुणाला दिसत नाहीत.

मधला थर: तीन शर्ट किंवा पट्ट्यांचे टीशर्ट, दोन स्वेटर, एक जाड, एक पातळ. रंग नेव्ही, राखाडी, पांढरट असे ठेवले की कशावरही काहीही चालतं. तीन वरचे, दोन स्वेटर, दोन पँट यांतून १२ जोड्या होतात. मोजके रंग वापरण्यामागे हे साधं गणित आहे, त्याला 'पॅरिसची अभिरुची' वगैरे म्हणायची गरज नाही.

कोट: हा तिथेच घ्या. शिवणीतलं लेबल वाचा. कोणता धागा किती टक्के हे लिहिणं युरोपीय संघात कायद्याने बंधनकारक आहे. लोकरीचं प्रमाण जास्त हवं, अस्तर हवं, आणि आत जाड स्वेटर घालून हात वर करता यायला हवेत. लांबी निदान मांडीपर्यंत. नवा परवडत नसेल तर 'फ्रिपरी' म्हणजे जुन्या कपड्यांची दुकानं आणि एमाऊस या संस्थेची विक्रीकेंद्रं बघा. लोकरी कोट वीस वर्षं टिकतो, म्हणून तो जुना घेण्यात तोटा नाही. सरकारमान्य हिवाळी सेल साधारण जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतो आणि चार आठवडे चालतो. तुम्ही सप्टेंबरात पोचणार, तेव्हा कोटासाठी त्याची वाट बघू नका, बूट आणि दुसरा स्वेटर मात्र तेव्हा घ्या.

बूट: पाणी आत न जाणारे, रबरी तळाचे. पाय ओले तर वरचे सगळे क्लो वाया.

आणि शाल: आई-आजीच्या पेटीतली लोकरी शाल असेल तर ती न्याच. स्कार्फसारखी दोनदा गुंडाळा. तिला फ्रान्समध्ये दोनशे वर्षांचा इतिहास आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे. पंजाबी ड्रेस घालायचा असेल तर खाली थर्मल, वर स्वेटर आणि कोट. क्लोच्या तक्त्यात नागरिकत्वाचा रकाना नाही.

'सहज' दिसणं कुणाला परवडतं?

तिसरा प्रश्न राहिला, आणि तोच जास्त टोचतो. 'आपण गबाळे दिसणार नाही ना' या भीतीच्या मुळाशी एक समजूत असते: तिथे काहीतरी न सांगितलेला नियम आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मला नाही.

पिएर बूर्दियने १९७९ च्या 'ला दिस्तँक्सियों'मध्ये यालाच हात घातला. त्याच्या पाहणीत १,२१७ लोक होते, आणि प्रश्नावलीत कपड्यांबद्दल एक प्रश्न होता: तुम्हाला कसे कपडे आवडतात? साध्या कापाचे आणि पैसे वसूल करणारे, नीटस आणि बेताचे, आरामाचे, धाडसी, असे पर्याय होते. आणि त्यात 'शिक' हाही एक पर्याय होता. म्हणजे जो शब्द आपण कपड्याचा गुण समजतो, तो त्याने उत्तर देणाऱ्या माणसाची ओळख पटवण्यासाठी वापरला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: अभिरुची सहज वाटते ती ज्यांच्या घरात ती लहानपणापासून मुरलेली असते त्यांनाच. बाकीच्यांना ती कष्टाने शिकावी लागते, आणि कष्ट दिसले की ती 'सहज' राहत नाही.

कपड्यांचे नियम कधीकधी चक्क लेखी असत. ७ नोव्हेंबर १८०० च्या पॅरिस पोलिसांच्या आदेशाप्रमाणे बायकांना पुरुषांसारखा वेष करायचा, म्हणजे व्यवहारात पँट घालायची, तर परवानगी काढावी लागे. १८९२ आणि १९०९ मध्ये सवलती मिळाल्या: हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर चालेल! हा आदेश आता लागू नाही, असं सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते थेट २०१३ मध्ये. आज 'पॅरिसची स्त्री साधी पँट आणि कोट घालूनही किती शिक दिसते' असं वाचाल, तेव्हा त्या साध्या पँटमागचा हा कागद आठवा.

याचा तुमच्याशी संबंध काय? पहिल्या सेमिनारला जाताना ज्याची भीती वाटते तो नियम निसर्गाचा नाही, माणसांनी केलेला आणि बदलत आलेला आहे. तो समजून घेता येतो, वापरता येतो, आणि वाटलं तर बाजूलाही ठेवता येतो. तुम्हाला ऊब मिळते का आणि हात मोकळे राहतात का, एवढं मात्र नक्की बघा. थंडीने दात वाजत असतील तर प्रश्नोत्तरांत कुणाचाच मेंदू चालत नाही.

आता तुमची पाळी

'मला फ्रेंच फॅशनवर काम करायचंय' हे वाक्य घेऊन कुणी माझ्याकडे आलं, तर मी त्यांना या तीनपैकी एक वाट धरायला सांगेन.

लिहिलेला कपडा: किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक १९३० साली सुरू झालं. त्याच्या एखाद्या दशकाच्या अंकांत कपड्यांसाठी कोणती विशेषणं येतात? 'साधं', 'नीटनेटकं', 'भपकेबाज', 'पाश्चात्त्य' हे शब्द कुणाबद्दल वापरले जातात? साहित्य मर्यादित आहे, तारखा ठरलेल्या आहेत.

प्रत्यक्ष कपडा: थंडीत तुमच्या गावात स्वेटरचे जे तात्पुरते स्टॉल लागतात, तिथल्या पन्नास स्वेटरांची लेबलं वाचा. विकणारा ज्याला 'वुलन' म्हणतो त्यात लोकर किती, अॅक्रिलिक किती? लेबलच नसेल तर तीही एक नोंद.

घातलेला कपडा: जानेवारीत सलग दहा दिवस, सकाळी सात ते साडेसात, एकाच बस थांब्यावर उभे राहा. तापमान लिहा, आणि किती जणांनी कान झाकलेत, किती जणांनी स्वेटर घातलाय, किती जणांनी काहीच नाही, एवढं मोजा. नावं नकोत, फोटो नकोत. तिसऱ्या दिवशी तुमच्या लक्षात येईल की 'स्वेटर' कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नाही: हुडी धरायची का? ओढणी डोक्यावरून घेतली तर कान झाकले म्हणायचे का? तिथे थांबा, व्याख्या लिहा, आणि पहिल्या दोन दिवसांचे आकडे पुन्हा तपासा. हे करताना कंटाळा आला तर चालेल. तो नाही आला, तर बहुधा तुम्ही मोजत नसून 'शिक'ने काढताय.

दहा दिवसांनी हातात एक छोटा तक्ता असेल. प्रपोजलचं पहिलं पान त्याच्यावरून लिहायला घ्या. आणि निघायची तारीख ठरली असेल तर बॅगेत थर्मल आणि शाल आधी भरा, कोटाची जागा रिकामी ठेवा.